पाण्यावरची हाक

आम्ही तळ्याच्या पाळीवर पोचलो तेव्हा धुकं अजून पाण्यावर बसून होतं. पलीकडचा काठ दिसत नव्हता. पायाखालची मातीची पाळ तेवढी खरी, तिच्यापुढे सगळं पांढरं. आणि त्या पांढऱ्यातून माझा आवाज आला.

माझ्यासारखा आवाज, असं मी म्हणत नाही. कोणी बाई पाण्यावरून कोणाला तरी हाक मारत होती, 'होऽऽ' असं लांबवून, आणि तो आवाज माझाच होता. जाड, थोडा खरखरीत, तळाशी घुमणारा. मी तोंड मिटून उभी होते, तरी माझा हात आपोआप ओठांवर गेला.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते वाकून पँट वर दुमडत होते आणि ती घडी त्यांच्या हातून सारखी सुटत होती.

"कोण आहे तिकडे?" मी विचारलं. नेहमीसारखंच, कुजबुजत.

"रेवता असेल," बाबा म्हणाले. "तुझी मावशी."

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि मला मावशी आहे हे मला आदल्या दिवशी कळलं होतं.

नागपुरात आमचं तिघांचं घर. बाबा, त्यांची मोठी बहीण कुमुदआत्या आणि मी. मी तीन वर्षांची असताना आई, फुली, काविळीने गेली आणि मागोमाग आजीही. आत्याचे यजमान त्याआधीच वारले होते, ती आमच्याकडे राहायला आली आणि तिने मला वाढवलं. जीव लावून वाढवलं. परीक्षेच्या दिवसांत माझ्यासोबत तीही पहाटे उठून बसायची. फक्त माझा आवाज तिला सोसायचा नाही. "वृषू, हळू," हे दोन शब्द मी माझ्या नावापेक्षा जास्त ऐकले असतील. दारातल्या भाजीवाल्याशी मी बोलू लागले की ती आतून लगबगीने यायची आणि भाव स्वतः करायची. "लोक हसतात गं," म्हणायची. तिला खरंच वाईट वाटायचं. शाळेत समूहगीताला बाईंनी मला शेवटच्या रांगेत उभं करून नुसते ओठ हलवायला सांगितलं, तेव्हा ती भांडायला गेली नाही. घरी येऊन तिने माझ्या आवडीची पुरणपोळी केली. ती आता नाही. म्हातारपणी तिला फार कमी ऐकू यायचं, आणि अख्ख्या घरात माझंच बोलणं तेवढं तिला कळायचं. पण ते फार पुढचं.

मी कुजबुजायला शिकले. टेलिफोन उचलायचं टाळायचे, कारण 'हॅलो' म्हटलं की पलीकडचा माणूस 'साहेब' म्हणायचा. नोकरी धरली तीही ग्रंथालयात. तिथे हळू बोलणं हा गुण होता.

हे सगळं मला चाललं असतं. एक गोष्ट चालत नव्हती. मी कधी विसरून मोठ्याने हसले किंवा कोणाला हाक मारली की बाबा उठून जायचे. पेपर वाचत असोत, जेवत असोत, ताट तसंच ठेवून पलीकडच्या खोलीत जायचे. कधी रागावले नाहीत, कधी 'हळू' म्हणाले नाहीत. नुसते उठून जायचे. आत्याचं 'हळू' मला टोचायचं. बाबांचं उठणं कापायचं. दहा-बारा वर्षांची असतानाच मी ठरवून टाकलं होतं की माझ्या वडिलांना माझी किळस वाटते आणि ते सभ्य आहेत म्हणून बोलत नाहीत.

त्या वर्षी वर्ध्याचं एक स्थळ आलं होतं. बघण्याच्या कार्यक्रमात मी इतकं कमी बोलले की सगळ्यांनी सालस म्हटलं. मग मुलाच्या आईने सहज म्हणून फोन केला आणि तो माझ्याच हाती लागला. दोन दिवसांनी निरोप आला. आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सांगत होती, "मुलगी चांगली आहे म्हणाले. पण आवाज पुरुषी वाटतो. पुढे मुलाबाळांवर..." तिने वाक्य सोडून दिलं.

बाबांनी पेपर खाली ठेवला. मला वाटलं, आता उठतील. ते म्हणाले, "वृषू, उद्या रजा टाक. तुला तुझ्या आईच्या गावी न्यायचंय."

"दिगंबर," आत्या म्हणाली, "आता कशाला ते?"

"आताच," बाबा म्हणाले.

अशा रीतीने साकोलीच्या पहाटेच्या एसटीने, मग एका मालवाहू जीपने, आम्ही खैरबोडीला आलो होतो.

धुक्यातून एक डोंगा पुढे आला. एका खोडात कोरलेली ती अरुंद नाव, आणि तिच्यात उभी राहून बांबूने पाणी ढकलत येणारी पंचेचाळिशीची बाई. लुगड्याचा काष्टा गुडघ्यापर्यंत ओढलेला, डोंग्यात हिरव्या शिंगाड्यांची रास. ती पाळीशी आली, बांबू चिखलात रोवला आणि बाबांकडे पाहत राहिली.

"रेवता, मी..."

"वळखलं," ती म्हणाली. "एकवीस साल झाले, भाऊजी. रस्ता भुलले होते का?"

बाबांनी पँटची सुटलेली घडी पुन्हा वर केली.

"फुलीच्या तेरवीले आमी आलो. माहा बाप, डोमाकाका, मी. पोरीले घडीभर मांडीवर घेऊ द्या म्हनलं. तुमच्या मायनं दारातूनच वापस लावलं. तुमी तिथंच उभे होते."

"होतो," बाबा म्हणाले.

"बोलले नाही."

"नाही बोललो."

हे सगळं ती माझ्या आवाजात बोलत होती. काय बोलत होती ते कळायला मला वेळ लागला, कारण मी नुसता तो आवाज ऐकत होते. तो तिच्या तोंडात वाईट वाटत नव्हता. पुरुषीही वाटत नव्हता. तो रागावू शकत होता, थांबू शकत होता, एकेका शब्दावर उभा राहू शकत होता. माझ्या गळ्यात मी त्याला कधी एवढी जागाच दिली नव्हती.

"मावशी," मी म्हटलं.

तिची मान माझ्याकडे वळली. बांबूवरची तिची मूठ घट्ट झाली. बराच वेळ तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग गळ्याकडे.

"बस डोंग्यात," ती म्हणाली. बाबांना म्हणाली, "तुमी बसा पाळीवर. च्या पाठवते."

पुढे मला या बाईचा फार लळा लागला, पण त्या सकाळी मी तिला घाबरले होते. डोंगा हलला की माझा जीव वर यायचा. मी दोन्ही बाजूंच्या कडा धरून बसले. पाण्यावर शिंगाड्याची पानं एकमेकांना लागून पसरलेली, जणू हिरवी सतरंजी घातलेली, आणि डोंगा ती दुभंगत चाललेला. मावशी मधेच वाकायची, एक वेल उचलून उलटा करायची, खालचे शिंगाडे तोडून मागे टाकायची आणि वेल पुन्हा जपून पाण्यात ठेवायची.

मी काहीतरी विचारलं.

"काय म्हनतं? आयकू नाही येत."

मी पुन्हा विचारलं.

"मोठ्यानं बोल वो. बारीक आवाज पान्यावर मरते."

"इथे आणखी कोण आहे, म्हटलं!" मी म्हटलं, आणि मलाच दचकल्यासारखं झालं. शब्द माझ्यापासून दूर गेले आणि बऱ्याच वेळाने कुठेतरी विरले.

"सारेच हायेत," मावशी म्हणाली. "धुक्यात दिसत नाही. थांब." तिने मान वर केली आणि हाक दिली.

उजवीकडून एक ओ आली. मग समोरून. मग खूप लांबून, मागून. सगळ्या बायांच्या, सगळ्या जाड. मावशी एकेक सांगत गेली, ही तुझ्या मायची चुलतबहीण तुरजा, ही तिची लेक, ही लगनानं आलेली पण तिचाबी घसा आता आमच्यावानी झाला. "आन तिकडे, त्या बेटाच्या मांगं, डोमाकाका. तुह्या आज्याचा भाऊ. त्यानंच फुलीले डोंगा शिकवला. आता कमी दिसते त्याले, पन दिवसभर पान्यावरच राह्यते."

धुकं उठू लागलं. ते एकदम गेलं नाही; आधी पाण्यापासून वीतभर वर झालं आणि त्या फटीतून मला तळं दिसलं. किती मोठं होतं ते. नजर जाईल तिथपर्यंत हिरवं, त्यात निळसर पाण्याच्या वाटा, आणि त्या वाटांवर ठिकठिकाणी उभ्या बाया, ज्यांचे आवाज मी आत्ताच ऐकले होते. अडई बदकांचा एक मोठा थवा शिट्या घालत उठला, आमच्या डोक्यावरून वळसा घेऊन गेला आणि लांब जाऊन उतरला. मी मान वळवून त्याच्यामागे पाहत राहिले. मावशीने ते पाहिलं आणि बांबू थांबवला.

"तुह्या बापानं तुले सांगतलं का, तो अठी कसा आला?"

"पाटबंधारे खात्यात होते. तळं मोजायला आले होते."

"आला होता मोजाले. डोंगा चालवता नाही येत, आन हट्टानं एकटाच निंगाला. असंच धुकं. मंग फिरत राह्यला एकाच जागी गोल गोल. बोंबलला असन, पन त्याचा आवाज असा," तिने करंगळी दाखवली, "कोनाले आयकू जाते. फुली पाळीवर होती. तिनं डोंगा जाग्यावर नाही पाह्यला तं समजली. हाका मारत राह्यली. तो हाकेच्या मांगं मांगं आला. उतरला आन पाह्यलं तं पोरगी हे एवढीशी, माह्या खांद्याच्या खाली." मावशी हसली. तिचं हसू पाण्यावरून गेलं. "गावात म्हनत, साहेबानं पोरीचं तोंड पाह्याच्या आंधीच लगन ठरवलं."

बाबांनी मला आईबद्दल फक्त एवढंच सांगितलं होतं की ती शांत होती.

"मावशी, आई शांत होती का?"

"फुली?" ती माझ्याकडे पाहत राहिली. "कोन म्हने?"

"घरी सगळे म्हणतात."

ती डोंग्याच्या मधल्या फळीवर बसली. "एकडाव आली होती माहेराले," ती म्हणाली. "तू पोटात होती. आली तं हळू हळू बोले. तोंडावर पदर धरून. मी म्हनलं, काय झालं वो, घसा बसला का? फुली म्हने, आता सवय झाली. मी तिले डोंग्यात घातलं आन इथंच आनलं, याच ठिकानी. म्हनलं, बोंबल. पयले हासे नुसती. मंग मारली हाक. मंग दिवसभर मारत राह्यली. साऱ्या तलावानं आयकली. संध्याकारी पोटावर हात ठेवून मले म्हने, 'रेवता, पोर आयकून राह्यलं वो. लाता मारून राह्यलं.'"

मी डोंग्याच्या कडा सोडल्या.

"बाबांना माझा आवाज आवडत नाही," मी म्हटलं. हे मी तोवर कोणालाच सांगितलं नव्हतं. "मी हसले की ते उठून जातात. नेहमी. लहानपणापासून."

मावशीने माझा हात धरला. तिचा हात शिंगाड्याच्या काट्यांनी टोचून टोचून खरबरीत झालेला होता.

"हे मले नको सांगू," ती म्हणाली. "त्याले विचार. अठीच विचार, घरी नको."

आम्ही पाळीकडे परतलो तेव्हा बाबा एका मोहाच्या झाडाखाली बसले होते. शेजारी चहाचा रिकामा पेला. चिखलाने भरलेले पाय त्यांनी धुतले नव्हते. मावशी डोंगा बांधून जेवण आणायला घराकडे गेली. मी बाबांच्या शेजारी बसले.

"बाबा, मी हसले की तुम्ही उठून का जायचात?"

ते पाण्याकडे पाहत राहिले. "तुझ्या लक्षात यायचं?"

"रोजचं होतं."

त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाले, "समोर बसलं की तू दिसायचीस. तुझी वेणी, तुझं दप्तर. पलीकडच्या खोलीत गेलं, मधे भिंत आली, की नुसता आवाज यायचा. मग ती असायची. स्वयंपाकघरात, तुझ्या आत्याशी काहीतरी बोलत असायची. मी ऐकायला जायचो, वृषू."

दोन बाया शिंगाड्यांची टोपली घेऊन आमच्या मागून गेल्या. त्या जाईपर्यंत मी थांबले.

खरं सांगायचं तर मला आधी रागच आला. इतकी वर्षं मी त्या भिंतीच्या या बाजूला तोंडावर हात दाबून बसले होते, आणि हे पलीकडे भिंतीला टेकून वाट पाहत होते.

"मला सांगायला हवं होतं," मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं.

"हो."

"एकदा तरी."

"हो. तिच्यासाठी बोलायला हवं होतं तेव्हाही मी बोललो नाही. ती घरात कुजबुजायला लागली तेव्हा. मला वाटायचं, घर शांत राहतंय ना." त्यांचा आवाज आधीच बारीक, तो आणखी बारीक झाला. "काल त्या बाईंचा निरोप आला आणि मला दिसलं की आता तूही गप्प होत चाललीस. तिच्यासारखीच. म्हणून आणलं."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या माणसाला मी तोवर नीट पाहिलंच नव्हतं. राग गेला नाही, पण त्याच्या शेजारी आणखी काहीतरी येऊन बसलं, आणि दोन्हींना जागा झाली. मी त्यांच्या पायांवर पाणी ओतलं. त्यांनी चिखल धुतला.

मावशी भाताचं पातेलं आणि माशांचं कालवण घेऊन आली. बाया एकेक करून पाण्यातून येऊ लागल्या, मला पाहून थबकू लागल्या, हात पुसून माझ्या गालांवरून हात फिरवू लागल्या. तुरजामावशी माझ्याशी बोलता बोलता मधेच रडली आणि मग स्वतःवरच हसली. पाळीवर एवढा कल्लोळ झाला, आणि त्यात मी बोलत होते ते कोणाला वेगळं ऐकूच येत नव्हतं. मीच सगळ्यांत हळू होते.

"डोमाकाका राह्यला," मावशी म्हणाली. "हाक मार त्याले."

"मी?"

"तूच. माह्या तोंडात भात हाये."

तिच्या तोंडात भात नव्हता. मी उठले आणि पाण्याच्या कडेला गेले. मागचं बोलणं थांबलं. मी एकदा हाक मारली, ती घशातच अडली.

"गऱ्यातून नको," मावशी मागून म्हणाली. "पोटातून."

समोर सगळं तळं पडलेलं होतं. आता त्यावर धुक्याचा मागमूस नव्हता आणि ते आभाळाएवढं दिसत होतं. मी पाय चिखलात रोवले, श्वास भरून घेतला आणि सोडला.

"होऽऽ डोमाकाकाऽऽ, जेवाले याऽऽ!"

असा आवाज मी आयुष्यात काढला नव्हता. तो माझ्या छातीतून निघाला तेव्हा माझ्या बरगड्या थरथरल्या. तो हिरव्या पानांवरून गेला, बेटाला लागला, तिथून पुढे गेला, आणि मी उभी राहून त्याला जाताना ऐकत राहिले. कोणाच्या तरी चुकीने माझ्या गळ्यात येऊन पडलेली ती वस्तू नव्हती. तो भरदार होता, त्याला पल्ला होता. तो मला आवडला.

पलीकडून ओ आली नाही.

"आयकलं नसन," कोणीतरी म्हणालं.

"आयकलं," मावशी म्हणाली. "थांबा."

आम्ही सगळे थांबलो. मग बेटाच्या मागून एक डोंगा बाहेर आला. एक वाळलेला, उघडाबंब म्हातारा वाकून बांबू मारत होता, त्याच्या वयाला न शोभणाऱ्या घाईने. पाळीशी येऊन डोंगा आदळला तरी तो उतरला नाही. डोळे बारीक करून एकेकीच्या चेहऱ्याकडे पाहू लागला.

"कोनं मारली हाक?"

मावशीने मला पुढे केलं. "फुलीची हाये, काका. फुलीची पोरगी."

म्हाताऱ्याने हात पुढे केला. मी पाण्यात उतरून त्याच्या डोंग्यापर्यंत गेले. त्याने बोटांनी माझा गळा चाचपला, हनुवटी चाचपली. त्याची बोटं ओली आणि थंड होती.

"मी ओ नाही देली," तो म्हणाला. "मले वाटलं, मीच मेलो."

पाळीवर कोणी हसलं, कोणी नाकाला पदर लावला. बाबा उठून पाण्यापाशी आले होते.

"मंग हात पाह्यला, तं हातात शिंगाडा," म्हातारा म्हणाला. "म्हनलं, मेलेल्याच्या हातात शिंगाडा कायचा." त्याने डोंग्याची कड धरली आणि नीट बसला. "आता देतो ओ. मार आनखी एकडाव."

मी मारली. हातभर अंतरावर बसलेल्या त्या म्हाताऱ्याने डोळे मिटले, मान वर केली आणि मोठ्याने ओ दिली. त्याच्यामागून पाळीवरच्या बायांनी दिली, आणि मग शिंगाड्याच्या पलीकडून, बेटाच्या आडून, अजून पाण्यावरच असलेल्या, मला दिसतही नसलेल्या बायांनी एकामागून एक ओ दिली, सगळ्या माझ्याच आवाजात.